तिवरांमागची पंगत

सहदेवबुवांनी भाऊच्या धक्क्यावर पाऊल ठेवलं तेव्हा धक्का डुलत होता. खरं म्हणजे धक्का जागच्या जागीच होता. डुलत होते ते बुवा. वेंगुर्ल्याहून निघालेल्या आगबोटीने रात्रभर त्यांना असं काही घुसळून काढलं होतं, की पोटात होतं-नव्हतं ते सगळं समुद्राच्या पदरात पडलं. वाटेसाठी बांधून घेतलेली पोह्यांची पुरचुंडी उरली होती, तर पहाटे एक लाट डेकवर आली आणि पुरचुंडीचा खारट चिखल करून गेली. सरहद्दीच्या नाक्यावर कागद दाखवण्याच्या गडबडीतही आदल्या दिवशी जेवण झालं नव्हतंच. म्हणजे मोजायला बसलं तर दोन दिवसांचा कडकडीत उपास, आणि तोही कुठल्या एकादशीच्या खाती न जमा होणारा.

साल सत्तावन्न, महिना माघ. बुवांचं गाव फोंड्याजवळचं आणि गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. नाका ओलांडला की परमुलूख. तिशी गाठली तरी बुवांनी हा परमुलूख कधी पाहिला नव्हता. पाहिला होता त्यांच्या वडिलांनी, जिवाजीबुवांनी. कीर्तनाला उभे राहिले की समोरचा दगडही मान डोलवील असा तो माणूस. मुंबईच्या उपनगरात, बोरिवलीच्या खाडीकाठी, कोकणातून आलेल्या गिरणीकामगारांची एक वाडी होती. तिथल्या गणपतीच्या देवळात माघातल्या जन्मोत्सवाला येईन, असा शब्द जिवाजीबुवांनी दिला होता. श्रावणात ते देवाघरी गेले. शब्द मागे राहिला. तो पुरा करायला मुलगा निघाला होता. पहिल्यांदाच वडिलांच्या पाठीमागे न उभा राहता, एकटा.

वडिलांकडून सहदेवबुवांना तीन गोष्टी मिळाल्या होत्या: टाळांची जोडी, गळा आणि एक नेम. जिथे कीर्तनाला उभं राहायचं तिथलं पाणी घ्यावं, अन्न घेऊ नये. "ज्याचा घास पोटात गेला त्याची चूक दाखवताना जीभ अडखळते रे, सदू," असं वडील म्हणायचे. कीर्तन आटोपलं की जिवाजीबुवा देवाला नमस्कार करून चालू लागत, देवळातल्या भजनाचे टाळ ऐकू येईनासे झाले की एखाद्या आंब्याखाली बसत आणि आपली पुरचुंडी सोडत. "टाळ ऐकू येतात तिथवर कीर्तनाचं गाव. पुढे आपण वाटसरू." चाळीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नाही. सहदेवबुवांना गळा वडिलांएवढा नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. पण नेम तरी वडिलांएवढा राहू शकत होता.

धक्क्यावर घ्यायला लवू आला होता. गिरणीत कापडाचे साचे चालवणारा, छातीने पिंप, बोलायला तोफ. "बुवांनू, चाय घेतास? भजी घेतास?" असं त्याने चारदा विचारलं, पण बुवांच्या पोटात अजून समुद्र होता. त्यांनी मान हलवली. बोरिवलीला लोकलमधून उतरून टांग्यात बसले, भाताची कापून मोकळी झालेली शेतं मागे पडू लागली, झावळ्यांतून खारा वारा आला, आणि पोटातला समुद्र एकदाचा ओसरला. त्या जागी जी भूक उभी राहिली तिला नुसती भूक म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणणं. पण तोवर टांगा देवळापुढे उभा होता, दहा वाजून गेले होते, आणि माणसं सतरंजीवर बसून वाट बघत होती.

"बघितल्यात?" लवूने वर बोट दाखवलं. देवळाशेजारच्या उंच माडाला पितळी तोंडाचा एक भलामोठा कर्णा बांधला होता. "भोंगो! मोटारीच्या बॅटरीवर चलता. तुमचो आवाज आज पार खाडयेपलीकडे गोराईक जातलो!"

बुवांनी कौतुकाने मान डोलावली. आपण कशाला मान डोलावतो आहोत हे त्यांना तेव्हा कळलं नाही.

आता कीर्तनाचं काय सांगावं! ज्याने उपाशीपोटी कीर्तन केलं असेल त्यालाच कळेल, की रिकामं पोट हा केवढा मोठा तंबोरा असतो. नमनाला आवाज जरा कापला. पूर्वरंगात बुवांनी देहाच्या लाडांवर निरूपण लावलं आणि नेमका त्याच वेळी मंडपामागून वडे तळल्याचा वास आला. बुवा थांबले. नाकाने एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "मंडळी, मी इथे देहाला बोल लावतोय, आणि देह बघा, तिकडे साक्षीदार गोळा करतोय." मंडपात जे हसू फुटलं त्यात बुवांची भीड वाहून गेली. मग गळा मोकळा झाला. उत्तररंगात पार्वतीने अंगाच्या मळाचं लेकरू घडवलं, दाराशी बसवलं, आणि बाप परतला तेव्हा त्या लेकराने त्यालाच अडवलं. आईची आज्ञा एवढी एकच शिदोरी त्याच्यापाशी. तिथे बुवांचा स्वर असा काही चढला की पेटीवाल्याने सूर सोडून नुसते हात जोडले. बरोबर बाराला जन्म झाला, गुलाल उधळला, पाळणा हलला. म्हाताऱ्या बायकांनी पदराने डोळे टिपले. जिवाजीबुवा असते तर म्हणाले असते, 'ठीक आहे.' त्यांच्या तोंडी तो फार मोठा शब्द होता.

आरती झाली. देवळाचा पुजारी बाळा गुरव याने तळहातावर चिमूटभर साखर-खोबरं ठेवलं. ते बुवांनी जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर पीठ, हातात पाण्याचा तांब्या.

"ही माझी बायल, मालन," लवू म्हणाला.

"हात धुवा, बुवांनू," मालन म्हणाली. "पाट मांडलंय. रात्रीपासून रांधतंय मी. तांदूळ गावसून मागवलंय, वाटाणे गावचे, कोकम गावचा. रातभर बोटीत माणूस, म्हटलां, आधी ह्याका घरचा जेवण होया."

मंडपाच्या कडेने केळीच्या पानांची लांबच लांब रांग मांडली होती. पोरांना आधीच वाढून झालं होतं. मोठी माणसं पानांमागे उभी होती. सगळ्यांत पुढे चंदनी पाट, रांगोळी, आणि सगळ्यांत रुंद पान. त्यावर पांढराशुभ्र भात, पिवळं वरण, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, टम्म फुगलेले वडे, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि तीन मोदक, कळ्या मोजून घ्याव्यात असे.

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीचं नव्हतं.

"बाये," ते हळूच म्हणाले, "मला जेवता यायचं नाही."

"पोट बरां नाय?"

"पोट उत्तम आहे. तेच तर दुःख." आणि बुवांनी दोन दिवसांचा उपास आणि वडिलांचा नेम, दोन्ही सांगितलं.

वाडीतल्या कुणी असलं कधी ऐकलंच नव्हतं. बाळा गुरव तर कानाला हात लावून म्हणाला, "आमच्याकडचे बुवा कीर्तनाआधीच चुलीकडे तोंड करून बसतत हो! आणि आता कीर्तन झालां. आता कोणाक काय बोल लावचो हा तुमका?"

"पुढच्या वर्षी बोलावलंत तर?" बुवा म्हणाले. "तेव्हा तुमचा वडा आठवून मी गप्प बसेन."

"म्हणजे फुडल्या वर्षीय येतलास!" लवूने आनंदाने टाळी वाजवली. मालनने नवऱ्याकडे असं बघितलं की दुसरी टाळी हवेतच राहिली.

"फुडला वर्ष ऱ्हवांदे," ती म्हणाली. "आज काय? आमच्यात पावणो जेवल्याशिवाय घरातला माणूस घास घेणा नाय. माझ्या सासरी कधी झाला नाय ता. तुमी उपाशी, म्हणजे मी उपाशी. आणि ही चाळीस माणसां उपाशी. बघा ती पानां."

बुवांनी पाहिलं. चाळीस माणसं, चाळीस पानं, वाफा वर जाताहेत आणि हात कुणाचा खाली जात नाही. इकडे बापाचा नेम, तिकडे बाईचा. दोन्ही खरे, दोन्ही जुने. आणि मधोमध एक मोदक.

बाळा गुरवाने डोकं लढवलं. "सगळ्या जेवणाक नैवेद्य दाखवलो हा. म्हणजे तो प्रसाद. प्रसादाक नाय म्हणूक येणा नाय!"

"गुरवकाका, प्रसाद चिमूटभर असतो. पंगतभर नसतो."

"बरां, मगे वाडीच्या हद्दीभायर जाऊन बसा! तुमचे वडील बसत तशे. आम्ही ताट घेऊन येतो."

ही गोष्ट बुवांना पटली. त्यांचा चेहरा उजळला. "टाळ ऐकू येईनासे होतात तिथे. चालेल! किती लांब जावं लागेल?"

 मग एकेक करून सगळ्यांच्या माना वर गेल्या. माडाकडे. पितळी तोंडाचा कर्णा उन्हात चकाकत होता.

"पलीकडच्या पाड्यात ऐकू गेला असतला," कुणीतरी म्हणालं.

"तिकडे एक्सर गावात माझ्या मेहुणीने घरात बसून जन्माचा पाळणा म्हटला," दुसरा म्हणाला. "आत्ताच निरोप आला."

"स्टेशनाकडे?"

"टांगेवाला सांगत होता, घोडा कान टवकारून उभा राहिला."

लवूची छाती जी सकाळपासून पुढे आली होती ती आत गेली. "मी मेलंय," तो पुटपुटला. "गाव मीच वाढवून ठेवलंय."

"तुका सांगी होतंय, ढोलकी पुरे, ढोलकी पुरे!" मालन कडाडली. "भोंगो हवो ह्याका! घाल आता भोंग्याक जेवूक!"

लोक हसले, पण ते हसूही उपाशीच होतं. बुवा खाली बसले.  एकदा मनात आलं, घ्यावा एक घास. वडील बघायला आहेत कुठे? आणि मग वाटलं, वडील कुठेही नाहीत म्हणूनच तर सांभाळायचं. आज नेम मोडला तर तो कायमचा मोडला. पण ह्या बाईच्या कपाळावरचं पीठ? रात्रभर चुलीपाशी बसून तिने परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाची भूक अंदाजाने रांधली होती. तिला उपाशी ठेवून सांभाळलेला नेम देव कुठल्या तोंडाने स्वीकारील?

तेवढ्यात मंडपाच्या टोकाकडून आवाज आला. "ओ लवू, गोराईला पण आयकला रे! आमचे पादरीबाबा म्हणले, आज कोणाचा सण हाय?"

बोलणारा फ्रेडी. गोराईचा नावाडी, गळ्यात क्रूस, खाकी अर्धी चड्डी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. गोराई आणि ह्या काठादरम्यान त्याची होडी चाले आणि लवूशी त्याची जुनी दोस्ती. होडी घेऊन तो नुकताच आला होता आणि परतीच्या उतारूंची वाट बघत कडेला बसला होता.

"पण एक जागा हाय," तो डोकं खाजवत म्हणाला. "सकाळी मी खाडीच्या आतल्या फाट्याला होतो, तिवरांच्या मागं, चिंबोऱ्या धरत. तिथं तुमचा भोंगा नाय आयकला. आईची आन, नुसते मच्छर आयकले. माझे घरी एमिलिया म्हणली, काय गाणा झाला त्यांचा! मी म्हणलो, कंचा गाणा?"

मालनने मान वळवली. तिच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. "थंय कोण ऱ्हवता?"

"कोण राहील? चिखल आन खेकडे. भरतीला होडी जाते. आता भरतीच चढते ना."

"म्हणजे गाव नाय, वस्ती नाय, टाळ नाय." मालन बुवांपुढे येऊन उभी राहिली. "बुवांनू, तुमच्या वडलांनी काय सांगल्यानी? टाळ ऐकूक येणत नाय थंय माणूस वाटसरू. बरोबर?"

"बरोबर."

"मगे मी कीर्तनकाराक जेवूक घालणंय नाय. कीर्तनकार ऱ्हवांदे हयसर, देवळात. मी वाटसराक घालतंय. परमुलखातसून इलेलो, दोन दिस उपाशी वाटसरू. ताका नाय म्हणूचो नेम तुमच्या वडलांचो होतो काय?"

सहदेवबुवांनी मान वर करून मालनकडे पाहिलं.  आयुष्य वाणीवर काढलेला माणूस, आणि एका चुलीपाशी बसणाऱ्या बाईने चार वाक्यांत त्याच्या वडिलांचं म्हणणं त्यालाच उलगडून दाखवलं होतं. जिवाजीबुवा तरी आंब्याखाली बसून काय करत? वाटेवरून जाणाऱ्याला पुरचुंडीतले पोहे देत आणि त्याने दिलेला गूळ घेत. ते स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं. पण कधी लक्षात नाही आलं.

एक म्हातारा मात्र कुरकुरला. "किरिस्तांवाच्या होडयेत बसान जेवतले?"

"आजोबा," बुवा उठत म्हणाले, "आमच्या देवळाची घंटा ज्याने ओतली त्याचं नाव पेद्रू. रोज दोन वेळा वाजते. देवाने अजून तक्रार केलेली नाही."

त्यांनी पागोटं उतरवलं, टाळ त्यात ठेवले आणि ते सगळं देवापुढे नेऊन ठेवलं. बाहेर आले ते बोडक्या डोक्याने, धोतराचा काचा मारून. आता ते कुणीही असू शकले असते.

मग जी धावपळ उडाली! मालनने पान उचललं नाही. सगळं पुन्हा भांड्यांत भरलं, भांडी आणि कोरी पानं टोपलीत, टोपलीवर लाल फडकं. लवू टोपली डोक्यावर घेऊन पुढे, मागे मालन, तिच्यामागे बुवा, आणि त्यांच्यामागे अख्खी वाडी काठापर्यंत. टोपली आत ठेवून लवू होडीत पाय टाकणार, तोच मालन म्हणाली, "तू खंय? तू आणि तुझो भोंगो हयसरच ऱ्हवा. एक शब्द जरी त्यातसून भायर पडलो, तर बघ." लवू काठावरच गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने आपल्याच तोंडावर हात ठेवला.

होडी पाहून बुवांना रात्रीची आगबोट आठवली आणि ते काठावरच थबकले. फ्रेडीने ते ओळखलं. "घाबरू नका, बुवासाहेब. ही खाडी हाय, दर्या नाय. पाळणा हाय पाळणा."

भरतीचं पाणी आत ओढत होतं. फ्रेडीला फारसं वल्हवावं लागलंच नाही. दोन्ही काठांना तिवरं दाट होत गेली, मुळं पाण्यातून बोटांसारखी वर आलेली. माणसांचे आवाज मागे पडले. एका वळणावर बुवांनी हात वर केला. "थांब." तिघांनी कान दिला. दूरवर, अगदी बारीक, देवळात कुणीतरी भजनाचा टाळ धरला होता.

"अजून," बुवा म्हणाले.

"बुवांनू, जेवण निवता," मालन कळवळून म्हणाली.

"अजून थोडं, बाये."

फ्रेडीने होडी आतल्या फाट्यात वळवली. तिवरांची भिंत मागून मिटली. पुन्हा कान दिला. पाणी होडीच्या कुशीला लागून चुळुक चुळुक करत होतं. एक खेकडा चिखलात सरकला. आणखी काही नाही. खरोखर काही म्हणजे काही नाही.

"इथे," सहदेवबुवा म्हणाले.

मालनने पान मांडलं. होडीच्या आडव्या फळीवर, चंदनी पाटाविना, रांगोळीविना. भात वाढला, त्यावर वरण, वरणावर तुपाची धार. बुवांनी तळहातावर पाणी घेतलं, पानाभोवती फिरवलं, डोळे मिटले. आत वडील उभे होते की नाही कोण जाणे. पण कुणी अडवलं नाही.

पहिला घास तोंडात गेला.

अन्न हे पूर्णब्रह्म असं आपण सगळेच म्हणतो. बुवांनीही वडिलांमागे उभं राहून शंभर कीर्तनांत म्हटलं होतं. ते खरं आहे, हे त्यांना त्या दुपारी त्या होडीत कळलं. भात मऊ होता, आपल्या घरच्यासारखा. आणि सांबाऱ्यात मसाला वेगळा होता, आपल्या घरचा नसलेला. आणि दोन्ही एकाच घासात होतं. बुवा पुढचा घास कालवू लागले. मालन डोळे विस्फारून बघत राहिली.

"मीठ बरोबर हा?" तिने शेवटी विचारलं.

बुवांनी नुसती मान हलवली. दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मग वडा मोडला, सांबाऱ्यात बुडवला, आणि तोंडात घास असतानाच म्हणाले, "बाये, हे मीठ नव्हे. हे काहीतरी दुसरंच घातलंयस तू."

मालन हसली. सकाळपासून पहिल्यांदा हसली. "जेवले!" ती उठून उभी राहिली तशी होडी कलली. "फ्रेडी, अरे जेवले रे!"

"बसा, बसा! नायतर तिघं पाण्यात!" फ्रेडीने टोपलीवरचं लाल फडकं ओढलं, वल्ह्याच्या टोकाला गाठ मारली आणि वल्हं होता होईल तेवढं तिवरांच्या वर उंच धरलं. "वाडीला कळू दे. नायतर लवू संध्याकाळपर्यंत पाण्यात उभा राहील."

तिघं वाट बघत राहिले. फडकं वाऱ्यावर फडफडलं. क्षणभर काही झालं नाही. मग वाडीच्या दिशेला, तिवरांच्या शेंड्यांवरून, बगळ्यांचा एक प्रचंड थवा भर्रकन आभाळात उठला. जणू खाली चाळीस माणसांनी एकदम आरोळी ठोकली असावी. आवाज एक नाही, नुसते पांढरे पंखच पंख.

"बसली पंगत," फ्रेडी म्हणाला.

बुवांनी वर पाहिलं, मग मालनकडे पाहिलं. टोपलीतली आणखी दोन पानं काढून त्यांनी स्वतःच्या हाताने फळीवर पसरली, एक तिच्यापुढे, एक फ्रेडीपुढे. मालन "अवो, माका नंतर, माका नंतर" म्हणत राहिली आणि बुवा वाढत राहिले. दोघांच्या पानांत मोदक पडल्यावर त्यांनी आपलं पान पुढे सरकवलं.

"आता मला," ते म्हणाले. "आणि बाये, हात आखडू नकोस. मी लांबून आलोय."